टक्का डॉक्टरांचा आणि टक्का कमाईचा

कामावर अपघात झाला की मालक देणं लागतो की नाही, यावरच सगळी लढाई होणार असं कामगाराला वाटतं. निकालपत्रं वाचत गेलं की वेगळंच दिसतं. बरेच दावे जिंकूनही अर्धे हरलेले असतात, कारण अपंगत्वाचा टक्का चुकीचा धरलेला असतो.

21 नोव्हेंबर 2025 च्या आधीच्या अपघातांना लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम 1923 मधला हिशेब तसा सरळ आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या 60 टक्के, मृत्यू झाला तर 50 टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. अपघाताच्या वेळी वय 35 असेल तर गुणक 197.06. वेतन 14,000 धरलं तर पूर्ण अपंगत्वाचे 8,400 गुणिले 197.06 म्हणजे 16,55,304 रुपये होतात. त्याच माणसाला कमाईच्या क्षमतेचं 40 टक्के नुकसान ठरवलं, तर हातात 6,62,121 रुपये येतात. वेतन कितीही असो, 3 जानेवारी 2020 पासूनच्या अपघातांना 15,000 च्या वर मोजत नाहीत.

आता हे 40 येतात कुठून? कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही जखमांचे टक्के छापलेले आहेत. अंगठा गेला तर 30, एका हाताची चारही बोटं गेली तर 50, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर 40. यादीत नसलेल्या जखमेसाठी डॉक्टरने कमाईच्या क्षमतेचं नुकसान ठरवायचं असतं. घोटाळा इथेच होतो. सरकारी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला सांगतो की पाय किती टक्के निकामी झाला. त्या पायाने हा माणूस पूर्वीचं काम करू शकतो का, याबद्दल दाखला एक अक्षर बोलत नाही. कारकुनाचा गुडघा वाकत नसेल आणि परांचीवर उभं राहून प्लॅस्टर करणाऱ्या गवंड्याचा वाकत नसेल, तर दाखल्यावर दोघांचा टक्का एकच. कमाईवर मात्र तो एक नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे चार न्यायमूर्तींच्या पीठासमोर फार आधी मिटवलं आहे. 1976 च्या एससीसीच्या (सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या संग्रहाच्या) पहिल्या खंडात पान 289 वर एका सुताराचं प्रकरण आहे. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, अनुसूचीत या जखमेला ठरावीक टक्के आहेत, तेवढेच द्या. न्यायालय म्हणालं, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. व्याख्येतच तसं आहे: अपघाताच्या वेळी जे काम करण्यास तो सक्षम होता, ते सगळं बंद पडलं का, एवढं पाहायचं.

म्हणून नुसता दाखला जोडून थांबू नये. डॉक्टरला साक्षीला बोलवायचं आणि कामाबद्दल नेमके प्रश्न विचारायचे: शिडी चढता येईल का, किती वजन उचलता येईल, आठ तास उभं राहता येईल का. डॉक्टर आलाच नाही, तर त्याची उलटतपासणी झाली नाही म्हणून दाखल्यावर बोट ठेवायला मालकाच्या विमा कंपनीचा वकील तयारच असतो. सोबत हजेरीपत्रक, पगारपत्रक किंवा सहकाऱ्याची साक्ष असावी. रोखीने मजुरी घेणाऱ्याकडे काहीच कागद नसेल, तर निदान त्या कामाच्या किमान वेतनाची अधिसूचना दाखल करावी.

दुसरी गळती व्याजाची. भरपाई देय झाल्यावर महिन्याभरात दिली नाही तर दर साल 12 टक्के सरळ व्याज, आणि कारण पटलं नाही तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. पण व्याज कधीपासून? सुताराच्याच निकालाने सांगितलं होतं की देणं अपघाताच्या दिवशीच उभं राहतं. तरी 2007 आणि 2009 च्या दोन निकालांनी भरपाईचा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांच्या आदेशाची तारीख धरली आणि पुढची काही वर्षं गोंधळ माजला. 2012 मध्ये न्यायालयाने ते दोन्ही निकाल बंधनकारक नाहीत असं स्पष्ट केलं. वरच्या उदाहरणातल्या पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा दावा चार वर्षं चालला, तर हा फरक 7,94,545 रुपयांचा आहे. दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो, विमा कंपनी तो भरत नाही.

कामावर जाता-येतानाचा अपघात हा वेगळाच प्रांत. 1958 मध्ये खाडी ओलांडताना होडी उलटून बुडालेल्या मीठ कामगारांना काही मिळालं नाही. 1963 मध्ये पाळी संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेल्या चालकाच्या कुटुंबाला मिळालं, कारण तो प्रवास नोकरीचाच भाग ठरला. जुलै 2025 मध्ये धाराशिव भागातल्या साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघालेला माणूस कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. वेळ, जागा आणि कामाचा दुवा जुळत असेल तर असा अपघात नोकरीच्या ओघातलाच, असं न्यायालयाने ठरवलं. पहाटे त्या रस्त्यावर तो दुसऱ्या कशासाठी असणार, हे दाखवणं म्हणजे इथे पुरावा. पाळीचं वेळापत्रक म्हणूनच सोन्यासारखं जपावं.

काही खड्डे थोडक्यात. कामगार ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजनेखाली) विमा उतरवलेला असेल तर हा दावा चालतच नाही, ईएसआयकडेच जावं लागतं. मुदत दोन वर्षांची. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने घरी नेऊन दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरत नाहीत, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. स्टॅम्पपेपरवर हक्क सोडल्याची सही घेतली तरी तिला कायद्यात किंमत नाही. ठेकेदार पळाला तर मूळ मालकाला पकडता येतं. उच्च न्यायालयात अपील फक्त महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यावर, 60 दिवसांत, आणि मालकाने करायचं तर आधी पूर्ण रक्कम भरून. त्यामुळे टक्क्याचा पुरावा आयुक्तांसमोरच पक्का करावा लागतो, वरच्या कोर्टात तो नव्याने उकरता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्याआधीच्या अपघाताचा दावा असेल तर वेतनाची मर्यादा आणि दर त्या दिवशीच्या जुन्या कायद्याचेच धरायचे.