टायब्रेकर, पुढचा भाग: डावखुऱ्याचं काय करायचं?

मी फुटबॉलमधला गोलकिपर. रविवारी टायब्रेकरला, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांत, हरलो. तरीही खूश आहे, कारण गेल्या मोसमापासून ज्याच्या मागे लागलोय ते अखेर जमलं. किकरचा पाय बॉलला लागेपर्यंत मी जागचा हललो नाही. आमचा बँकवाला नेहमीसारखा लांबून पळत आला, डावा पाय बॉलशेजारी रोवला, आणि त्या बुटाचं टोक कुठं वळलंय ते मला स्वच्छ दिसलं. बॉल माझ्या उजवीकडे, कमरेएवढ्या उंचीवर आला. दोन्ही तळव्यांनी बाहेर ढकलला. ग्लोव्हच्या तळव्यावरच्या ओल्या लॅटेक्सवर बॉल बसल्याचा तो भरदार आवाज किपर मंडळींना वेगळा सांगायला नको.

पुढची पेनल्टी घ्यायला डावखुरा आला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

आधीचे भाग वाचलेल्यांना हा डाव्या पायानं मारणारा डावखुरा माहीत आहे. तीनच पावलांचा रनअप. दुसऱ्या पावलावर रेंगाळतो, मान वर, नजर बॉलवर नाहीच, थेट माझ्या गुडघ्यांवर. माझं वजन ज्या पायावर जाईल, बॉल त्याच बाजूला ठेवतो, कारण त्या पायावरून लगेच त्याच बाजूला उडता येत नाही. जोर लावतच नाही, पास दिल्यासारखा आतल्या बाजूनं सरकवतो. मॅच झाल्यावर त्यालाच विचारलं. म्हणाला, "मर्दा, मी काय ठरवून येतच नाही. तू सांगतोस की, कुठं मारायची ते!"

आता माझी अडचण समजली असेल. उशिरा हलायचं हे माझं सगळं तंत्र दुसऱ्या जातीच्या किकरसाठी आहे, म्हणजे बँकवाल्यासारखा जो आधी कोपरा ठरवतो आणि मग किपर नाचला काय, झोपला काय, तिथंच मारतो. हा मात्र माझीच वाट बघतो. दोघंही वाट बघत बसलो तर आधी कोण चुळबुळणार? त्याचा पाय तर बॉलपाशी पोचणारच आहे, घाई मलाच होते.

उभं राहायचं खूळ डोक्यात कुठून आलं ते नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. बार-एली हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मोठ्या स्पर्धांतल्या २८६ पेनल्ट्या तपासल्या होत्या. मध्यभागी थांबलेल्या किपरनं तिथं एक तृतीयांश अडवल्या. डावीकडे उडणाऱ्यांनी १४.२ टक्के, उजवीकडे उडणाऱ्यांनी १२.६ टक्के. पण थांबले किती जण? ६.३ टक्के. गोल बसलाच तर निदान उडताना बसला असं दिसावं, ही प्रत्येक किपरच्या मनातली लाज त्यांनी आकड्यांत पकडली. आमच्याकडेही तेच आहे. किपर उभा राहिला आणि गोल झाला की कठड्यावरून पहिला आवाज येतो, "झोपलास काय रे!"

मात्र हे आकडे मी गेल्या वेळी मांडले त्यापेक्षा जरा सावधपणे घ्यायला हवेत. २८६ चे ६.३ टक्के म्हणजे जेमतेम अठरा पेनल्ट्या. एवढ्यावर आयुष्यभराचं तंत्र उभारता येत नाही. शिवाय सगळेच किपर मध्ये थांबायला लागले तर किकर कोपरेच धरतील. माझ्यापुरता मी त्यातून एवढंच घेतलंय की थांबायची भीती सोडायची.

रात्रीच्या वाचनात सध्या ऑस्ट्रियन लेखक पीटर हांडकेची १९७० सालची छोटी कादंबरी आहे, पेनल्टीच्या वेळची किपरची भीती तिच्या नावातच आहे. नायक योझेफ ब्लोख एके काळचा गोलकिपर. पुस्तक फुटबॉलचं नाही, एका खुनाचं आणि त्यानंतरच्या भरकटण्याचं आहे. पण शेवटच्या पानांवर ब्लोख एक मॅच बघत असतो, पेनल्टी मिळते, किपर काय विचार करतो आणि किकर त्याचा काय विचार करतो हे तो शेजारच्या माणसाला समजावतो. आणि मग किपर हलतच नाही, बॉल थेट त्याच्या हातात येतो. अभ्यास २००७ चा, पुस्तक १९७० चं! ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या डावखुऱ्यावर इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

याच कादंबरीवर विम वेंडर्सचा १९७२ चा सिनेमा आहे. संथ आहे, पण सुरुवातीचा मॅचचा भाग किपरनं जरूर बघावा. खेळ दुसऱ्या टोकाला चाललाय आणि किपर आपल्या गोलपाशी एकटा, हे फार थोड्या सिनेमांनी दाखवलंय. उलट 'एस्केप टू व्हिक्टरी' (१९८१) शनिवारी परत लावला. शेवटी किपर झालेला स्टॅलोन पेनल्टी अडवतो आणि मॅच ४-४ राहते. अंगावर काटा येतो हे खरं, पण पेनल्टीच्या वेळेचा अंदाज त्यातून घेऊ नये. सिनेमात किकर आणि किपर एकमेकांकडे किती वेळ बघत राहतात! प्रत्यक्षात शंभर किलोमीटर वेगाचा बॉल अकरा मीटर अंतर ०.४ सेकंदांत कापतो. त्या वेळात ७.३२ मीटर रुंद गोलाच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचं असतं.

इथंच टर्फचा मुद्दा येतो. आठवड्यात रात्री आम्ही टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर खेळतो, रविवारी मोठ्या मैदानावर. टर्फच्या छोट्या गोलावर पेनल्टी खूप जवळून असते. फुटसालच्या (पाच-पाच जणांच्या छोट्या फुटबॉलच्या) मापात बघा, गोल तीन बाय दोन मीटर आणि अंतर सहा मीटर. तिथं बघून उडायला वेळच नाही, हातपाय पसरून अंग मोठं करायचं आणि आडवं जायचं. ती सवय अंगात घेऊन रविवारी अकरा मीटरवर उभं राहिलं की पाय आपोआप लवकर सुटतात. म्हणून टर्फवर पेनल्टीचा सराव मी पूर्ण बंद केलाय. तिथं फक्त समोरासमोरचे बॉल, म्हणजे समोरचा खेळाडू एकटाच बॉल घेऊन अंगावर येतो ते.

कुठले ग्लोव्हज वापरतोस, असं काही वाचकांनी विचारलं होतं. नेगेटिव्ह कटवरच (बोटांची शिलाई आतून असलेल्या) राहणार आहे, बोटांना घट्ट बसतो आणि बॉल कळतो. बोटांत प्लास्टिकच्या काड्या असलेले मला अजिबात आवडत नाहीत, मूठ नीट वळत नाही. ऑनलाइन मागवलेल्या जोडीचं लॅटेक्स आमच्या मुरमाच्या मैदानावर बघता बघता सोललं, आणि विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. कडक मैदान असेल तर मऊ, महागडं लॅटेक्स सरावाला घालूच नका. जुनी जोडी सरावाला, नवी मॅचला. खेळण्याआधी तळवे ओले करायचे, नंतर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचे.

परत डावखुऱ्याकडे. गोलच्या मागे मोबाइल लावून त्याच्या पेनल्ट्या शूट केल्या. बघताना दिसलं ते असं: त्याची मान शेवटच्या पावलाला खाली जाते. क्षणभरच, पण जाते. म्हणजे त्या आधी तो ठरवून मोकळा झालेला असतो. मग मी हलायचं ते त्याची मान खाली जाताना, पाय लागताना नव्हे. बँकवाल्यासाठी एक ठोका, डावखुऱ्यासाठी दुसरा. इथवर लिहून हा भाग संपवणार होतो.

पण काल आमच्या तालमीतल्या जुन्या कोचना हा व्हिडिओ दाखवला. त्यांची सगळी उमर आधी आखाड्यात गेलेली. ते म्हणाले, "अरे पोरा, कुस्तीत समोरचा डावाची वाट बघत असला तर आपण त्याला खोटा डाव दाखवतो. पट काढतोय, पायाला हात घालतोय असं दाखवायचं आणि मानेवर जायचं. तू नुसता खांबासारखा उभा राहून काय मिळवणार?"

आणि डोक्यात ग्रोबेलार आला. १९८४, रोम, युरोपियन कपच्या फायनलचा टायब्रेकर, लिव्हरपूलचा हा किपर गुडघे लटपटवत गोललाइनवर उभा, आणि रोमाच्या कोंती आणि ग्रात्सियानी या दोघांनीही बॉल बारवरून घालवला. २००५ ला इस्तंबूलमध्ये लिव्हरपूलच्याच दुदेकनं तेच केलं. माझा डावखुरा गुडघेच वाचतो ना? मग त्याला वाचायला खोटं काहीतरी द्यायचं. दुसऱ्या पावलावर डावा गुडघा ठसठशीत वाकवायचा, टाच न उचलता, वजन मात्र मधेच ठेवायचं. तो माझ्या डावीकडे ठेवायला जाईल, मान खाली गेली की मी डावीकडेच.

नियमात हे बसतं. किक घेताना एका पायाचा काही भाग लाइनवर, लाइनच्या रेषेत किंवा तिच्या मागे हवा, एवढी अट आहे. खांब, बार, जाळी यांना हात लावायचा नाही, किकला उशीर करायचा नाही. लाइनवर गुडघा वाकवायला बंदी नाही. डावखुऱ्याचं रेंगाळणंही नियमातलंच आहे, रनअप पूर्ण झाल्यावर हूल दिली तरच फाऊल.

१९८६ ला सेव्हियामध्ये, याच कपच्या फायनलच्या टायब्रेकरमध्ये, बार्सिलोनाच्या चारही पेनल्ट्या अडवणारा किपर डुकाडाम या सगळ्यात कुठं बसतो, हा प्रश्न उरतोच. तो थांबला नव्हता, किकर काय विचार करत असेल ते ओळखून उडाला होता. त्याच्यावर पुढच्या भागात लिहीन.

येत्या रविवारी पावसानं मैदान दिलं तर डावखुऱ्याला आधी न सांगता गुडघ्याचा प्रयोग करणार. मोबाइल या वेळी गोलच्या मागे नाही, बाजूला लावतोय, म्हणजे त्याची मान आणि माझा गुडघा एकाच फ्रेममध्ये येतील. कुणी किपरनं हे आधी करून बघितलं असेल तर वजन मधे ठेवून गुडघा किती वाकवायचा तेवढं कळवा. माझी टाच अजून उचलली जातेय.