बेचाळीस उबीन

नोतारिसबाई, म्हणजे दस्त करून देणाऱ्या अधिकारी, आमच्या मालमत्तेच्या कराराचा दस्त मोठ्यानं वाचत होत्या, तेव्हा माझी मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. इंडोनेशियात असा दस्त सह्या करणाऱ्यांना दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवतात. साक्षीदाराला इथे ‘साक्सी’च म्हणतात. मालमत्तेला म्हणतात ‘हार्ता’, म्हणजे आपला ‘अर्थ’. ओळखीचे शब्द असले की अर्थ जास्त लागतो, चांगला असो की वाईट. नवऱ्याच्या नावावर जे घेतलं जाईल त्यावर माझा हक्क नाही, माझ्या नावावर जे असेल त्यावर त्याचा नाही. मी सही केली. घरी येईपर्यंत मी गप्प होते.

आमचं गाव मध्य जावात, तेमांगुंग जिल्ह्यातल्या कालोरान तालुक्यात आहे. गाव म्हणजे एक ‘दुसून’, आपल्या वाडीसारखं. पश्चिमेला सुंबिंग आणि सिंदोरो हे दोन ज्वालामुखी दिसतात, उतारावर रोबुस्टा कॉफी आणि सेंगोनची झाडं. या तालुक्यात बौद्धांची वस्ती बरीच आहे. नवऱ्याचं घरही बौद्ध. मी सिन्नर तालुक्यातली. आमची ओळख पुण्यात पाली शिकताना झाली. लग्न इथल्या विहारात झालं आणि नोंद जिल्ह्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात, कारण मुस्लिम लग्नांची नोंद धार्मिक कार्यालयात होते आणि बाकी सगळ्यांची इथे.

सासऱ्यांच्या पश्चात घरात वाटणी झाली. जावामध्ये दोन रीती आहेत. एक ‘सपिकुल सगेंदोंगान’: पुरुष कावडीवर दोन ओझी नेतो, बाई पाठीवर एक, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. दुसरी ‘दुम-दुम कुपात’, सगळ्यांना सारखं. सासूबाईंनी (मी त्यांना इबू म्हणते) दुसरी निवडली आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही. नणंदेला कॉफीचा तुकडा मिळाला, नवऱ्याला घरामागचं परसू. वारशानं आलेली जमीन ज्याची त्याची राहते, पतिपत्नीची सामाईक होत नाही. त्यामुळे तिथवर माझ्या भारतीय पासपोर्टानं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते 2022 मध्ये. परसाला लागून शेजारच्या बूदेंची (वडीलधाऱ्या बाईला इथे बूदे म्हणतात) जमीन होती, 42 उबीन. एक उबीन साधारण 14 चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबानं सहा गुंठ्यांना थोडी कमी. बूदेंना विकायची होती, आम्हाला घर बांधायचं होतं. भाव एका संध्याकाळी गूळ घातलेल्या कॉफीवर ठरला. जमिनीचे दस्त करण्याचा अधिकार ज्याला असतो त्या ‘पेपेआते’कडे आम्ही गेलो. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. “पत्नीचं नागरिकत्व?”

1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. 1974 च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची सामाईक. हे दोन कायदे एकत्र ठेवले की नवऱ्यानं घेतलेल्या जमिनीत अर्धा वाटा एका परदेशी बाईचा ठरतो आणि तो एका वर्षात सोडावा लागतो, नाहीतर मालकीच संपते. म्हणजे स्वतःच्या देशात, स्वतःच्या गावात माझ्या नवऱ्याला माझ्यामुळे जमीन घेता येत नव्हती. यावर उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. पूर्वी तो लग्नाआधी किंवा लग्नाच्या वेळीच करता येई. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग 27 ऑक्टोबर 2016 रोजी घटना न्यायालयानं निकाल दिला की लग्नानंतरही तो करता येईल. हा खटला एका इंडोनेशियन बाईनंच लढवला होता, तिचा नवरा जपानी होता आणि तिला फ्लॅट घेता येत नव्हता. तिची लढाई नसती तर आमचं घर उभं राहिलं नसतं. हे मी कृतज्ञतेनं लिहिते.

तरीही सहीचा दिवस जड गेला, त्याचं कारण माझ्या आजोबांपाशी जातं. आमच्या घराकडे महार वतनाची जमीन होती. गावकीची कामं करायची आणि त्याबदल्यात तुकडा कसायचा. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली, पण जमीन हाताला लागली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर 1964 च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात आजोबा तुरुंगात गेले. आजी सांगायची, “तेव्हा घरात मीठ होतं, पीठ नव्हतं, तरी मी त्यांना जा म्हणले.” अशा घरातली मुलगी मी, आणि जमिनीवरचा हक्क स्वतःच्या हातानं लिहून देत होते. नवऱ्याला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, “तुला नको वाटत असेल तर नको घेऊ या.” पण भाड्याच्या खोलीत म्हातारपण काढायला मी इथे आले नव्हते. आणि आमची मुलगी इंडोनेशियन नागरिक आहे. जमीन तिच्यापर्यंत जाणार आहे.

करार झाल्यावर तो नागरी नोंदणी कार्यालयात नेऊन विवाह दाखल्यावर समासात शेरा मारून घ्यावा लागतो. हे विसरू नका, नुसत्या दस्तावर पेपेआते काम करत नाही. आमचा दाखला त्या शेऱ्यासह हाती आला तेव्हा फेब्रुवारी 2023 उजाडला होता.

मग बूदेंच्या कागदांची पाळी आली, आणि खरा वेळ इथे गेला. त्यांच्या जमिनीला सर्तिपिकात, म्हणजे मालकीचा नोंदणीकृत दाखला, नव्हतं. (सरकारी कागदांवरही हा शब्द ‘प’नंच लिहितात.) होती ती फक्त गावच्या कार्यालयातल्या ‘लेटर सी’ वहीतली नोंद. डचांच्या काळातल्या सारावसुलीतून आलेली ही वही, नाव, तुकड्याचा क्रमांक, प्रत आणि कर. मला आपला सातबारा आठवला. तोही साऱ्यासाठीच जन्माला आला आणि लोकांनी त्याला मालकीचा कागद मानलं. सरकारची ‘पेतेएसेल’ मोहीम 2017 पासून गावोगाव जमिनी मोजून सर्तिपिकात देते. जावात तयारीचा खर्च दीड लाख रुपिया, म्हणजे हजार रुपयांच्याही आत. आमच्या गावातही ती येऊन गेली होती, पण बूदेंचा तुकडा राहून गेला. कारण एक भाऊ लाम्पुंगला.

सुमात्राच्या दक्षिण टोकाला लाम्पुंग. जावातल्या दाटीतून सरकारनं हजारो कुटुंबं तिकडे वसवली, त्यात हा भाऊ लहानपणी गेला. वहीत नाव होतं बूदेंच्या वडिलांचं, तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या हव्या. शिवाय वहीतलं नाव आणि कराच्या पावतीवरचं नाव वेगळं. जावात पूर्वी पुरुष लग्नानंतर नवं, मोठेपणाचं नाव घ्यायचे. वही त्यांना पोरवयाच्या नावानं ओळखत होती, गाव दुसऱ्या. यासाठी गावचा प्रमुख एक दाखला देतो, त्याचं नाव ‘केतेरांगान बेदा नामा’. भेद आणि नाम, दोन्ही आपलेच शब्द. ती दोन्ही नावं एकाच माणसाची, असं त्यात लिहिलेलं असतं. त्या माणसाला ओळखणारे दोन म्हातारे शेजारी साक्सी म्हणून आले. एकानं सही केली, दुसऱ्यानं अंगठा.

भाऊ ईदला आला, बसनं, दीड दिवस प्रवास करून. तिसऱ्या दिवशी बूदेंच्या ओसरीत दहा हजार रुपियांचे मेतेरई, म्हणजे मुद्रांक, चिकटवून सगळ्यांनी सह्या केल्या. भाऊ सही करून परसात गेला आणि वडिलांनी लावलेल्या फणसापाशी बराच वेळ उभा राहिला. ते झाड आता आमच्या हद्दीत येणार होतं. ते तोडणार नाही असं आम्ही त्याला सांगितलं, कागदावर नाही, तोंडी. ते अजून आहे.

बाकीचं मार्गी लागत गेलं. विक्रेत्याचा अडीच टक्के कर, घेणाऱ्याचा पाच टक्के (ठरावीक रकमेवरच्या भागाला), मग खरेदीखत. मोजणीच्या दिवशी चारही लगतदार हजर असावे लागतात. हद्दीवर आंदोंगची लाल पानांची झुडपं होती, पिढ्यान्‌पिढ्या तीच खूण. उत्तरेचा शेजारी म्हणाला, झुडूप वाढून आपल्याकडे आलंय. बांधाचं भांडण म्हणजे काय ते मी सिन्नरला पाहिलंय, माझ्या पोटात गोळा आला. वाडीप्रमुखानं दोघांना बसवलं, जुन्या नाल्यापासून दोरी धरली आणि खांब हातभर आमच्या बाजूला घेतला. नवरा लगेच हो म्हणाला. त्या हातभर जमिनीसाठी पुढची तीस वर्षं अबोला नको, हे त्याचं म्हणणं मला पटलं. नंतर 30 दिवस जाहीर सूचना गावच्या फलकावर लागली. हरकत आली नाही.

त्याच दिवसांत पाया खणायला घेतला. ‘सम्बातान’ची रीत इथे अजून आहे. घराघरातून पुरुष एकेक दिवस हाताला येतात, मजुरी नाही, जेवण आपलं. बायका रांधायला येतात, त्याला ‘रेवांग’ म्हणतात. आमच्याकडे विहारवाले आले, मशिदीतले आले. पस्तीस माणसांचा भात मी एकटी कधीच शिजवू शकले नसते. दारापाशी एक छोटा डबाही टांगलाय, प्रत्येक घराला असतो. रात्री गस्तवाले त्यातली मूठभर तांदळाची किंवा नाण्यांची ‘जिम्पितान’ गोळा करतात, आजारपणात, मयतीत ती उपयोगी पडते. बायकांच्या भिशीच्या वहीत माझं नाव चौदाव्या ओळीत आहे.

हिरवं सर्तिपिकात 2024 च्या मार्चमध्ये आलं. त्यावर एकच नाव, नवऱ्याचं. मी ते पूर्ण वाचलं, नकाशावर फणस कुठे येईल तिथे बोट ठेवलं, आणि इबूंच्या लोखंडी पेटीत ठेवून दिलं.

त्याच पेटीत इबूंच्या राहत्या घराची पावती आहे, अजून लेटर सीवरचीच. 2 फेब्रुवारी 2026 नंतर अशा जुन्या नोंदी मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत, फक्त माग काढायला उपयोगी पडतात. वहीत इबूंच्या सासऱ्यांचं नाव आहे, तेही पोरवयाचं. त्यांना त्या नावानं ओळखणारी एकच म्हातारी आता गावात उरली आहे. सोमवारी मी आणि इबू तिच्याकडे जाणार आहोत.