पाणबुड्याची मेडिकल: घोडं पेंड खातं ते स्पायरोमेट्रीपाशी

व्यावसायिक डायव्हिंगच्या कोर्सला मेडिकल फिटनेसशिवाय पाण्यात उतरवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, डोळे हे सगळं नाशकातच विनातक्रार झालं. घोडं अडलं ते स्पायरोमेट्रीपाशी, म्हणजे फुंकून फुप्फुसं तपासायच्या टेस्टपाशी. गोदावरीत पोहून तयार झालेली आमच्याकडची पोरं या लाइनमध्ये यायला बघतायत, त्यांच्यासाठी लिहितोय.

नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात फुंकायचं. टेक्निशियन शेजारी उभा राहून "फुंका, फुंका, अजून, अजून" म्हणत राहतो. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली आणि एकूण किती, हे मशीन मोजतं. माझी एकूण ६ लिटर, पहिल्या सेकंदात ४.१. म्हणजे ६८ टक्के. ७० च्या खाली गेलं म्हणून मशीनने तळाशी छापलं, 'माइल्ड ऑब्स्ट्रक्शन', म्हणजे श्वासनलिकेत थोडा अडथळा.

तिथल्या डॉक्टरांनी तेवढी ओळ वाचली. "दम्याची सुरुवात दिसतेय, फिट लिहिता येणार नाही." मी म्हटलं, "सर, मला कधी धाप लागलेली नाही. आणि दोन्ही आकडे माझ्या वयाच्या नि उंचीच्या मानाने जास्तच आहेत, शेजारच्याच रकान्यात दिलंय." "रेशो बघा." परत टेस्ट घ्या म्हटलं तर काउंटरवरून "सरांना विचारा", सरांकडे गेलं तर "रिपोर्ट तसाच येणार". कोर्सची फी भरलेली, तारीख तोंडावर आलेली, आणि कागदावरच्या एका ओळीवर सगळं अडलेलं. आलेख कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

फुप्फुसांबाबत कडक असायलाच हवं. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. श्वासनलिका कुठे अरुंद असेल तर हवा अडकते, फुप्फुस फाटू शकतं, बुडबुडे रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. पण म्हणूनच तपासणाऱ्याने नीट तपासावं, मशीनच्या ओळीवर भागवू नये.

शेवटी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. पाणबुड्यांचीच तपासणी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आधी आलेख मागितला. बोट ठेवून म्हणाल्या, "तुझी एकूण क्षमताच मोठी आहे, म्हणून भागाकार लहान दिसतोय. पोहणाऱ्यांत, डायव्हरांत हे दिसतं." तरी त्यांनी शब्दावर सोडलं नाही. श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं, मग ट्रेडमिलवर दमवून पुन्हा. आकडे जागचे हलले नाहीत. दमा असता तर हलले असते. फिटनेसवर सही झाली तेव्हा मला खरंच हुंदका आला.

तेव्हा, स्पायरोमेट्रीचा आलेखासकट पूर्ण प्रिंट हातात घेतल्याशिवाय सेंटर सोडू नका. आणि पहिल्यापासूनच डायव्हिंग मेडिसिन शिकलेल्या डॉक्टरकडे जा. कोर्सवाल्यांना कोणाची सही चालते, हे आधी विचारा.

कानाचंही सांगतो. मळ आधीच काढून घ्या. नाक दाबून हवा कानात ढकलायला सांगतात आणि पडदा हलतो का ते आत बघतात, म्हणून सर्दी असेल तर सरळ तारीख पुढे ढकला. आदल्या रात्री ढोल पथकाच्या सरावाला जाऊ नका. नाशिक ढोलाच्या आवाजानंतर सकाळी ऑडिओमेट्रीत कान कमी ऐकतात आणि तो आकडा पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलनेला वापरतात. किडलेला दात भरून घ्या, पोकळीत हवा राहिली की खाली ठणकतो.

खांदे, खुबे, गुडघ्यांचे एक्स-रे सगळ्यांना सांगत नाहीत. फार खोल, दिवसचे दिवस दाबाखाली राहण्याच्या कामाला हाडं आतून मरत नाहीत ना, हे बघायला ते लागतात. माझ्याकडून कोणी मागितले नाहीत. सर्टिफिकेट साधारण वर्षभर चालतं, त्यामुळे कोर्सच्या फार आधी काढून ठेवू नका.