बारीक कातकामासाठी चकचे जॉ कसे निवडले: माझा अनुभव

माझ्या लाकूड कातायच्या लेथच्या चकसोबत (लाकूड धरून फिरवणारी पकड) ५० मिमीचे जॉ, म्हणजे त्या पकडीचे जबडे, आलेले होते, बाउलला ते मस्त चालतात, पण मला करायच्या होत्या छोट्या डब्या, ड्रॉवरच्या मुठी, भोवरे, बाटलीची बुचं असल्या बारीक वस्तू, म्हणून वेगळे जॉ बघायला लागलो तर डोकंच गरगरलं. पिन जॉ, लाँग नोज, शार्क, कोल... आणि जवळपास सगळ्यांखाली "छोट्या कामासाठी उत्तम" असं लिहिलेलं.

मग जॉची यादी ठेवली बाजूला आणि आधी वहीत उतरवलं की मी काय काय कातणार आणि त्याला टेनन (चकमध्ये धरायला लाकडाच्या टोकाला ठेवलेला गोल खुंट) किती जाड ठेवता येईल. मूठ ३५ मिमीची असेल तर टेनन फार फार तर २५, डबीचं लाकूड ४५ चं असेल तर ३५ च्या आसपास. बहुतेक सगळं २० ते ४० मध्येच येत होतं, म्हणजे अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

आता खरी मेख. जॉ म्हणजे गोल रिंग कापून केलेले चार तुकडे, त्यामुळे त्यांचं वर्तुळ पूर्ण गोल होतं ते एकाच मापाला, जॉ जवळजवळ मिटलेले आणि मध्ये थोडीशीच फट असताना. टेनन त्या मापाचा असला की पूर्ण जॉ लाकडाला टेकतो. त्याहून जाड असला की प्रत्येक जॉच्या फक्त दोन कडा रुततात, चाराचे आठ वळ उठतात. मी टाकाऊ लाकडावर वेगवेगळ्या मापाचे टेनन काढून, आवळून, सोडून ते वळ बघितले. कुठल्याही वर्णनापेक्षा यातून जास्त कळलं. त्यामुळे "२५ ते ६० पर्यंत पकडतो" असं कुणी म्हटलं की मी पूर्ण गोल कुठल्या मापाला होतो तेवढंच विचारतो.

शेवटी २५ चे पिन जॉ (बारीक, लांबट) आणि ३५ चे डोव्हटेल जॉ (तिरक्या कडेचे) घेतले. पिन जॉचा दुसरा फायदा म्हणजे फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं भोक पाडणारा ड्रिल बिट) २५ मिमीचं भोक पाडायचं आणि जॉ आतून फाकवायचे, छोट्या ताटलीला टेनन ठेवायचीच गरज नाही. फक्त भोकाभोवती लाकूड भरपूर हवं आणि बेताने फाकवायचं, नाहीतर लाकूड उभं चिरतं. शिवाय छोटे जॉ असले की वस्तूच्या मागच्या बाजूला गॉज (कातायची पन्हळी छिन्नी) नीट शिरतो, बोटंही फिरत्या चकपासून जरा लांब राहतात, आणि मला विचाराल तर हे सगळ्यात मोठं कारण.

घेताना एक बघाच, एका कंपनीचे जॉ दुसरीच्या चकवर बसतील असं नाही, स्क्रूच्या भोकांचं अंतर वेगळं असतं. लेथचा आटा एम३३ (३३ मिमीचा) असो की एक इंची, त्याचा संबंध चकशी, जॉशी नाही. बसवताना जॉवरचा १ ते ४ नंबर आणि खालच्या स्लाइडचा (चकचा सरकता भाग, ज्यावर जॉ बसतो) नंबर जुळवायचा. आणि टेनन चकच्या तळाला टेकू द्यायचा नाही, खांदा (टेननच्या बुडाशी असलेली पायरी) जॉच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे, नाहीतर जॉ कितीही भारी असू देत, वस्तू डुगडुगणारच.

कोल जॉ सध्या घेतलेच नाहीत, बाउलची बैठक साफ करायला ते बरे, पण माझ्या डब्यांना टाकाऊ लाकडाचा जॅम चक (वस्तू घट्ट दाबून बसवायचा ठोकळा) पुरतो.