बीओडीचं रीडिंग रविवारी येतं

सिव्हिलच्या पोरांना विचारा पुढं कशात करायचंय, बहुतेकजण स्ट्रक्चर म्हणणार. एन्व्हायर्न्मेंट म्हणजे स्कोरिंगचा पेपर, आणि त्याचं प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरची जर्नल समोर ठेवून उतरवून काढायचं काम. मी सांगली भागातच हा विषय शिकवते, आणि माझं मत असं की पोरांना शिव्या देऊन काही होत नाही, निम्मा घोळ टाइमटेबलमधेच आहे.

कसा ते सांगते. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचा हिशोब. त्यासाठी सॅम्पलची बाटली इन्क्युबेटरमधे, म्हणजे तापमान कायम ठेवणाऱ्या कपाटात, ठेवून द्यायची. पुस्तकात ५ दिवस आणि २० अंश असतं, आपल्याकडच्या स्टँडर्डमधे ३ दिवस आणि २७ अंश, कारण इथला उकाडा. (ते ५ दिवस म्हणे इंग्लंडातल्या रॉयल कमिशननं १९१२ मधे धरले, तिथल्या नद्या तेवढ्यात समुद्राला पोचतात म्हणून. आपली कृष्णा महाबळेश्वरातनं निघून १४०० किमी जाते, तिला कोण विचारतंय!) तर आता बॅचचं प्रॅक्टिकल गुरुवारी असेल तर बाटली इन्क्युबेटरमधनं काढायची रविवारी. रविवारी कॉलेजला कोण येणार? शिपाईमामा पण नाहीत. मग जर्नल उतरवली जाते, आणि वर्षानुवर्षं तेच रीडिंग, पॉइंटनंतरच्या आकड्यासकट.

म्हणून मी सर्व्हेइंगच्या सरांच्या मागं लागून मंगळवारचा स्लॉट घेतला, म्हणजे रीडिंग शुक्रवारी. आणि लॅबच्या नळाचं पाणी बंद, सॅम्पल शेरीनाल्याचं. सांगलीकराला शेरीनाला काय ते सांगायला नको, शहराचं सांडपाणी घेऊन कृष्णेला मिळतो तो.

गंमत पहिल्याच टेस्टला झाली. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, काढताना बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालतात, ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसतो. नदीच्या वरच्या अंगाच्या सॅम्पलला छान तपकिरी आला, नाल्याच्या बाटलीत पांढराफटक. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, केमिकल जुनं झालंय वाटतं." म्हटलं केमिकल तेच आहे बाळा, ऑक्सिजनच नाहीये. सगळी बाकं सोडून त्या बाटलीभोवती गोळा झाली, मोबाईल काढून फोटो. नंतर डायल्यूशन का करायचं हे मला शिकवावंच लागलं नाही, पातळ न करता ठेवलं तर मोजायला ऑक्सिजन उरणारच नाही हे त्यांनीच सांगितलं. आंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ च्या आत आणि डीओ ५ च्या वर लागतो, मिलिग्रॅम पर लिटर, हा तक्ता पाठ करायला एरवी आठवडा जातो, आणि इथं पोरं घाटावर उतरणाऱ्या माणसांचं काय म्हणून माझ्याशीच वाद घालायला लागली.

पुढचं डोक्यात आहे ते सॅग कर्व्हचं, म्हणजे घाण मिसळल्यावर नदीतला ऑक्सिजन आधी घटतो आणि पुढं परत वाढतो, त्या आलेखाचं. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मधे ओहायो नदीवरनं मांडलेलं समीकरण, परीक्षेत हमखास येतं, पण कुणी नदीवर जाऊन बघत नाही. आयर्विन पुलाजवळ, नाल्याच्या खाली आणि हरिपूरला वारणा मिळायच्या आधी, अशी सॅम्पल घ्यायची, एकदा उन्हाळ्यात पाणी तुंबलेलं असताना आणि एकदा पावसाळा संपल्यावर. डीओ तिथंच काठावर केमिकल घालून फिक्स करायला लागतो, लॅबमधे आणेपर्यंत आकडा बदलतो. कुणाकडं चालू पोर्टेबल डीओ मीटर पडून असेल तर कमेंटमधे सांगा, एक दिवसासाठी दिलंत तरी चालेल.