नवा ड्रायव्हर बसला, पण शेरे वाचवेनात

मागच्या नोंदीत हवामानाचे आकडे गोळा करणाऱ्या नव्या रास्पबेरी पाईवर, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकावर, बुकवर्म ही डेबियन लिनक्सची आवृत्ती चढवून थांबलो होतो. मारियाडीबी (डेटाबेस) चालू झाली होती, सेन्सरचे आकडे येऊन पडत होते, माझ्या पर्ल प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर तेवढा बसवायचा राहिला होता. तो बसला. तापमान, आर्द्रता, पाऊस, पानांवरचा ओलावा, सगळं जुन्या पाईशी ताडून पाहिलं, जुळलं. मग शेऱ्याचा रकाना उघडला. दिंडोरीच्या मळ्यातल्या नोंदींच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, येनची चिन्हं आणि मधूनच युरो. बहुतेक ओळींत एक अक्षर मराठी नाही.

आधी ड्रायव्हरचं सांगतो, कारण तिथे बरेच जण अडकतात. सवयीने सीपॅनएमला, म्हणजे पर्लची मॉड्यूल उतरवणाऱ्या अवजाराला, डीबीडी-मायएसक्यूएल हा ड्रायव्हर मागितला तर २०२३ पासूनची ५ ची मालिका उतरते, आणि तिला मायएसक्यूएल ८ ची क्लायंट लायब्ररी लागते. डेबियनवर मायएसक्यूएलच्या नावाने जी डेव्हलपमेंट लायब्ररी मिळते ती मुळात मारियाडीबीची, त्यामुळे बांधकाम तिथेच फसतं. मायएसक्यूएलच्या जनकांपैकी एक असलेल्या आणि पुढे त्यातूनच मारियाडीबी काढणाऱ्या मोंटी विडेनियसने आपल्या दोन मुलींची नावं या दोन डेटाबेसना दिली. बहिणी वेगळ्या राहायला लागल्या, आता ड्रायव्हरही वेगळे. मारियाडीबी असेल तर सरळ डीबीडी-मारियाडीबी घ्या. कनेक्शनच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव बदलायचं, 'मायएसक्यूएल' उपसर्गाच्या सेटिंगना 'मारियाडीबी' उपसर्ग लावायचा, आणि यूटीएफ८ (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू करण्याची जुनी ओळ काढून टाकायची, कारण हा ड्रायव्हर कायम युनिकोडच बोलतो. माझं मत विचाराल तर पाईसारख्या यंत्रावर सीपॅनएमच्या नादी लागूच नये. अ‍ॅप्टमधलं तयार पॅकेज एका ओळीत बसतं, अपडेटही बाकी सिस्टिमसोबत मिळतात. मी सोर्सवरून बांधला तो केवळ ड्रायव्हरसोबत येणाऱ्या टेस्ट चालवून बघायची खाज होती म्हणून.

आणि त्या टेस्टचा एक चकवा आहे. शेवटच्या ओळीत 'सगळ्या टेस्ट यशस्वी' असं ठसठशीत आलं, पण वर सरकवून बघितलं तर फाईलमागून फाईल 'वगळली'. डेटाबेसशी जोडणीच झाली नाही तर टेस्ट नापास होत नाहीत, वगळल्या जातात. डेबियनवर मारियाडीबीचा रूट यूजर युनिक्स सॉकेटवरून ओळखला जातो, म्हणजे तुम्ही लिनक्समध्ये रूट असाल तरच आत. साध्या यूजरने चालवलेल्या टेस्ट दारातूनच परततात. वेगळा टेस्ट डेटाबेस, त्याचा वेगळा यूजर, आणि ही माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिली की मग खऱ्या टेस्ट चालतात. चालल्या, आणि पास झाल्या. ती यादी झरझर खाली सरकताना बघायला मजा येते, ज्याने कधी पाहिली नाही त्याने एकदा पाहाच.

आता शेरे.

पहिला संशय अर्थात नव्या ड्रायव्हरवर. जुन्या पाईवर तोच तक्ता, जुना ड्रायव्हर, आणि याच ओळींत मराठी स्वच्छ दिसतंय. मळ्यातले शेरे भरणाऱ्या मामांना फोन करून खात्री केली की त्यांनी फोनवरून काही वेडंवाकडं भरलेलं नाही. ते म्हणाले, "माझ्या वहीत सगळं नीट आहे रे. तुझ्या यंत्रालाच मराठी येत नसंल." या विषयावर मला मिळालेल्या सल्ल्यांत हा सगळ्यात जवळ जाणारा निघाला.

बाकी सल्ला एकच: 'यूटीएफ८एमबी४ कर,' म्हणजे रकाना चार-बाइटी यूटीएफ८ चा कर. हा रामबाण आता थांबवूया. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ८ मध्ये तीन बाइट लागतात, आणि ते जुन्या तीन-बाइटी यूटीएफ८ मध्येही आरामात बसतात. चौथा बाइट लागतो इमोजीला, किंवा तुम्ही मोडी लिहिणार असाल तर. आमच्या शेऱ्यांत भुरी आणि डाऊनी हे द्राक्षावरचे रोग आहेत, मोडी नाही. शिवाय रकाना आधीपासून एमबी४ च होता.

मग रकान्याचं हेक्स, म्हणजे साठवलेले बाइट जसेच्या तसे, काढलं आणि उलगडा झाला. 'क' हा ई० ए४ ९५ असा तीन बाइटचा हवा. तक्त्यात होता सी३ ए० सी२ ए४ ई२ ८० ए२, चांगले सात बाइट. म्हणजे यूटीएफ८ च्या प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र लॅटिन अक्षर समजून त्याचं पुन्हा यूटीएफ८ केलेलं. जुन्या ड्रायव्हरची जोडणी लॅटिन१ या युरोपीय अक्षरांच्या जुन्या संचावर होती. पर्ल बाइट द्यायचा, सर्व्हर त्यांना लॅटिन समजून रूपांतर करून ठेवायचा. वाचताना तेच रूपांतर उलटं, त्यामुळे पडद्यावर मराठी जशीच्या तशी. या ओळींत सुरुवातीपासून कचराच होता आणि जुना ड्रायव्हर जाता-येता तो झाकत होता. नवा ड्रायव्हर खरं काय आहे ते दाखवतोय.

दुरुस्तीची पहिली योजना पुस्तकी होती: लॅटिन१ लावून डंप, म्हणजे तक्त्याची मजकुरी प्रत, काढायचा, डंपमधली जोडणीची ओळ बदलायची, परत भरायचा. ती सोडली, कारण मामांचा फोनवरचा फॉर्म मी पायथनमध्ये लिहिलाय आणि तो बरोबर मराठी भरतो. म्हणजे एकाच रकान्यात काही ओळी दुहेरी, म्हणजे दोनदा यूटीएफ८ झालेल्या, काही खऱ्या. खरी देवनागरी लॅटिन१ मध्ये नेली की तिची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती पुन्हा उलटत नाहीत.

सिन्नरच्या मित्राने पायथनची दोन ओळींची युक्ती पाठवली: ओळ उचल, विंडोज १२५२ (विंडोजचा लॅटिन अक्षरसंच) मध्ये एन्कोड कर, यूटीएफ८ म्हणून डीकोड कर. निफाड सुधारलं, दिंडोरी, पिंपळगाव, येवला सुधारलं. इगतपुरीला एरर. सुरगाण्याला एरर. त्र्यंबक, द्राक्ष, आणि त्याचं स्वतःचं सिन्नर, सगळीकडे एरर. यादी समोर ठेवून बराच वेळ बघत बसलो तेव्हा दिसलं की जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आला की फसतं.

कारण असं आहे. विंडोज १२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता देवनागरीतली शेवटची बाइट बघा. ऱ्हस्व उकाराची ८१. हलन्ताची ८डी, म्हणजे मराठीतलं प्रत्येक जोडाक्षर. 'ए' ची ८एफ. 'ऐ' ची ९०, आणि ॐ ची पण. 'झ' ची ९डी. बरोबर नको तिथेच खड्डे. शुद्ध आयएसओ ८८५९-१ वापरावं तर तिथे 'क' च फसतो, कारण ९५ च्या जागी आलेला ठिपका त्या संचात नाही. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी ज्याला लॅटिन१ म्हणतात तो दोन्हींचा संकर आहे: विंडोज १२५२, पण पाच खड्डे कंट्रोल कॅरेक्टरनी बुजवलेले. म्हणून एकही बाइट न हरवता उलटं येता येतं, पण भरवशाने ते सर्व्हरच्या आतच. बाहेरच्या कुठल्याही अवजाराने हे काम करायला जाऊ नका. एका ग्राफिकल टूलमध्ये कॉपी-पेस्ट करून बघितलं तर 'ठ' गायब होत होता. त्याची शेवटची बाइट ए०, म्हणजे न तुटणारी स्पेस, आणि ते टूल कडेच्या स्पेस छाटत होतं. 'भ' ची एडी म्हणजे मऊ हायफन, तो तर पडद्यावर दिसतच नाही.

म्हणून दुरुस्ती क्वेरीतच केली. शेरा लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट करायचा, निकाल बायनरी म्हणून कास्ट करायचा, आणि ती बायनरी यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचायची. जागच्या जागी नाही, शेजारी नवा रकाना काढून त्यात. आणि अट अशी की हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ असेल तीच ओळ घ्यायची. देवनागरीचा दुसरा बाइट ए४ किंवा ए५ च असतो, त्यामुळे ही चाळणी नेमकी बसते. चुकून पुन्हा चालवली तरी हीच चाळणी जुन्या रकान्यावर लागते, सुधारलेल्या मजकुराला हात लागत नाही.

चाळणीला चकवून गेले ते मिश्र शेरे. जुन्या शेऱ्याला मामांनी फोनवरून पुढे जोड दिली तिथे अर्धं वाक्य दुहेरी, अर्धं खरं. त्यासाठी दुसरी अट लावून ई०ए४ किंवा ई०ए५ पण असलेल्या ओळी बाजूला काढल्या. त्या हाताने करायच्या असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की फॉर्म जोड देताना मध्ये उभी रेघ टाकतो. रेघेवर तुकडे करून ज्याचा त्याचा उपचार करता येईल. रविवारचं काम वाचलं.

एक दुखणं मात्र औषधापलीकडचं. शेरा ६० अक्षरांचा रकाना होता. दुहेरी झाल्यावर प्रत्येक चिन्हाची तीन अक्षरं होतात, म्हणजे हातात जेमतेम वीस चिन्हं, काना-मात्रा वेगळे मोजून. जुन्या सर्व्हरवर स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारं सेटिंग) बंद, त्यामुळे उरलेलं गुपचूप कापलं गेलं. गोदेच्या पुरातले माझे शेरे बघितले तर ओळीमागून ओळ 'दुतोंड्या मारुतीच्या', आणि पुढे काही नाही. हिशोब करून पाहिला: दोन शब्द आणि दोन स्पेस मिळून ५९, साठावं अक्षर पुढच्या शब्दाच्या पहिल्या चिन्हाचा एक तृतीयांश. नाशिकमध्ये पुराची मोजपट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती, आणि नेमकं पाणी गुडघ्याला होतं, कमरेला की छातीला, तेच कापलेलं! गंगापूर धरणाच्या विसर्गाचे आकडे वेगळ्या तक्त्यात शाबूत आहेत, त्यावरून अंदाज बांधता येईल, पण शेरा म्हणून तो भरणार नाही. मळ्यातले कापलेले शेरे मामांच्या वहीवरून भरतोय.

आता टेस्ट. ड्रायव्हरच्या टेस्ट पास झाल्या तरी आपला मजकूर पास झाला असं नाही, म्हणून स्वतःची एक फाईल लिहिली. तिचं वाक्य: 'ऐन झडीत एसटी सुटली, त्र्यंबक भिजत गाठलं.' पाचही खड्डे, शिवाय 'ठ' आणि 'भ'. पर्लमधून भरायचं, परत वाचून ताडायचं, आणि, हे महत्त्वाचं, सर्व्हरकडून हेक्स मागवून तेही ताडायचं. नुसतं भरून वाचलं तर जुना ड्रायव्हरही पास होतो. या हेक्सच्या ओळीवर तो आपटतो आणि नवा पुढे जातो. दोन्हींचे निकाल शेजारी शेजारी ठेवून बघितले, फार समाधान वाटलं. हे वाक्य खुशाल वापरा.

पानांचे फोटो अजून राहिलेत. या ड्रायव्हरला बायनरी मजकूर ब्लॉब (कच्चे बाइट) प्रकार सांगूनच बांधावा लागतो, नाहीतर तो फोटोचंही यूटीएफ८ करतो. तिथे दोन-तीन ठिकाणी कोड बदलायचाय. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवर जायचा विचार तूर्त बाजूला ठेवलाय. ऑक्टोबर छाटणीच्या आत मिश्र शेऱ्यांचे तुकडे आणि फोटो उरकले की जुना रकाना उडवेन. ३२-बिट पाईवर कुणी हा ड्रायव्हर सोर्सवरून बांधला असेल तर टेस्टचं आउटपुट टाका, वगळलेल्या फाईलींच्या यादीसकट.