जर्मलचं पातेलं

लहानपणी आमचं दूध तापायचं ते जर्मलच्या पातेल्यात. पातेलं ॲल्युमिनियमचं, बूड काळंकुट्ट, एका अंगाला पोचा. शाळेत नकाशावर जर्मनी दिसला तेव्हा मला वाटलं, हा भांड्यांचाच देश असणार. पुढे कळलं, जर्मन सिल्व्हर म्हणून तांबं, जस्त आणि निकेलचा एक मिश्रधातू असतो. त्यात चांदी औषधालासुद्धा नसते. त्याचंच नाव बहुधा आपल्याकडे स्वस्तातल्या पांढऱ्या भांड्यांना चिकटलं.

तेव्हापासून या देशाच्या नावांचा मला नाद लागला. ते स्वतः म्हणतात 'डॉइचलांड'. 'डॉइच'च्या मुळाशी 'लोक' असा अर्थ आहे. पंडितांची लॅटिन नव्हे, चारचौघांची बोली ती डॉइच. आपण प्राकृत म्हणतो, तसलंच काहीसं. पण शेजाऱ्यांनी विचारलंय कुणाला! फ्रेंचांची गाठ अलेमानी टोळ्यांशी पडली, त्यांनी अख्ख्या मुलखाला त्यांचं नाव दिलं. स्पॅनिश, तुर्की, अरबीतही तेच. फिनलंडवाल्यांना सॅक्सन भेटले, म्हणून तिकडे तो 'साक्सा'. विंध्याच्या खाली दिसेल तो मद्रासी म्हणणाऱ्यांनी हसायचं कारण नाही.

खरी गंमत स्लाव लोकांची, म्हणजे पोलिश, रशियन वगैरेंची. पोलिश भाषेत जर्मनीला म्हणतात 'न्येम्त्सी', आणि या शब्दाचं मूळ 'मुका'शी जोडतात. आपली भाषा येत नाही, म्हणजे मुकाच! आपल्या पूर्वजांनी हेच केलं. 'म्लेच्छ' म्हणजे मुळात अस्पष्ट बोलणारा. स्लावांचा हा मुकेपणा पुढे अरबीत पोहोचला तो भलत्याच्याच नावावर. अरबीत 'नम्सा' म्हणजे ऑस्ट्रिया. इंग्रजांनी तर 'डॉइच'चा सख्खा भाऊ 'डच' उचलून हॉलंडवाल्यांना देऊन टाकला.

त्या हॉलंडवाल्यांना जुनी मराठी 'वलंदेज' म्हणायची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभारावर लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी आहे: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. काय ठसकेबाज नावं! डॅनिश म्हटल्यावर बिस्किट आठवतं. डिंगमार म्हटल्यावर गलबतावरून उतरणारा, मिशांना पीळ भरणारा गडी दिसतो. यादीत जर्मन मात्र नाहीत. असणार कसे? तेव्हा तिथे शेकडो लहानमोठी संस्थानं होती. त्यांचा एक देश झाला 1871 साली. आपल्याकडे त्यांचं नाव पोहोचलं ते थेट स्वयंपाकघरात.

माझी भाची सध्या म्युनिकला शिकते. परवा व्हिडिओ कॉलवर आईने नातीची चौकशी केली, जेवतेस का, थंडी किती, दूध कशात तापवतेस.

"स्टीलच्या पातेल्यात, आजी."

आई जरा थांबली. "अगं, तिथं राहून जर्मलचं मिळत नाही होय?"